ग्रुप कोणाचा? शेतकऱ्यांच्या ऑनलाइन गटांतील लोकशाही : एक आढावा

२०२३ च्या ऑगस्टअखेर सुरू झालेल्या मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी हे नाव घरोघरी पोचले. फोनच्या पडद्यावरून माणसे किती वेगाने एका जागी जमू शकतात, हेही त्या आंदोलनाच्या निमित्ताने दिसले. मात्र अंबड तालुक्यातील त्याच फोनांवर आणखी एक वर्दळ बारमाही चालू असते आणि तिची बातमी होत नाही. मोसंबीची फळगळ, कपाशीवरची गुलाबी बोंडअळी, जालन्याच्या बाजारातील आवक आणि भाव, जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी कधी सुटणार, अशा विषयांचे हे ग्रुप आहेत. त्यांचे सभासद एका व्यवसायाचे लोक आहेत.

आंदोलनाच्या ग्रुपला ठरलेली गोष्ट सर्वांपर्यंत पोचवायची असते. व्यवसायाच्या ग्रुपला मतभेद बाळगून वर्षानुवर्षे एकत्र नांदायचे असते. त्यामुळे त्याच्यापुढचे प्रश्न वेगळे आहेत. नियम कोणी करायचे? चुकीचा सल्ला कोणी खोडायचा? कोणाला काढायचे आणि काढलेल्याने दाद कुठे मागायची? ग्रुपच्या नावाने बाहेर कोणी बोलायचे? वर्षानुवर्षांच्या प्रश्नोत्तरांतून जमलेली माहिती कोणाची? गेल्या दहा वर्षांत या प्रश्नांवर कार्यकर्ते, कृषितज्ज्ञ, संशोधक आणि न्यायालये यांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. त्या उत्तरांची ही मांडणी.

पार्श्वभूमी : रेडिओ ते फोन

शेतकऱ्यांनी ऐकावे, आपसांत बोलावे आणि प्रश्न उलट पाठवावेत, ही कल्पना फोनच्या कितीतरी आधीची आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांत, १५० गावांमध्ये, रेडिओ श्रोतेमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावातील मंडळ एकत्र बसून कार्यक्रम ऐकत असे, त्यावर चर्चा करत असे आणि आपले म्हणणे व शंका केंद्राकडे पाठवत असे. टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल न्यूराथ यांनी त्याचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांत ज्ञानात झालेली भर ही केवळ रेडिओ असलेल्या गावांपेक्षा स्पष्टपणे जास्त होती. ऐकण्याला चर्चेची जोड मिळाली की फरक पडतो, याचा हा आपल्याकडचा सर्वांत जुना पुरावा. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. तो त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मुंबई राज्यात आला. म्हणजे जालन्याचा भाग या प्रयोगाबाहेर राहिला.

संगणक आला तो संस्थांच्या दारातून. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी संकुलाभोवतालच्या ७० गावांमध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. शेतीविषयक माहितीपासून शिक्षणापर्यंत त्याचे हेतू मोठे होते. प्रत्यक्षात गावातील संगणक मुख्यतः उसाची नोंद, तोडणी आणि बिले यांसाठी वापरले गेले. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी सात गावांत त्या संगणकांच्या जागी मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिले. तेच काम कमी खर्चात झाले. दोन्ही वेळा शेतकरी माहिती विचारणारा राहिला, व्यवस्था चालवणारा झाला नाही.

२००३ च्या सुमारास आयआयटी मुंबईच्या प्रा. कृती रामामृतम यांच्या गटाने ‘आक्वा’ ही प्रश्नोत्तरांची सेवा उभी केली. मराठीत प्रश्न विचारायचा आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी उत्तर द्यायचे, अशी तिची पद्धत होती. उत्तर सर्वांना दिसे आणि पुढच्या हंगामातही सापडे. २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू झाले. तिथे उत्तर विचारणाऱ्यापुरतेच राहते. खाजगी उत्तर आणि सर्वांसमोरचे उत्तर हा फरक पुढच्या सगळ्या चर्चेत महत्त्वाचा ठरतो.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि ग्रुप काढायला कोणत्याही संस्थेची गरज उरली नाही. कीटकशास्त्रज्ञ डॉ. अंकुश चोरमुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘होय आम्ही शेतकरी’ हा समूह याच काळात वाढला. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी राज्यात शिरली, तेव्हा अशा समूहांतून फोटो पाठवून ओळख पटवणे आणि उपाय विचारणे हे शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडलेले होते.

जालन्यात या सगळ्याला समोरासमोरच्या बैठकांची जुनी जोड आहे. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचे. तिथे दरमहा चर्चासत्राची परंपरा आहे. याच मंडळींच्या पाणलोटाच्या कामातून कडवंची हे द्राक्षबागांचे गाव झाले. त्यामुळे इथल्या अनेक ग्रुपांवरची माणसे एकमेकांना आधीपासून ओळखतात. ही गोष्ट साधी वाटली तरी निर्णायक असू शकते. तिच्याकडे पुढे येऊ.

ॲडमिनची खुर्ची

व्हॉट्सॲपची रचनाच अशी आहे की ग्रुप काढणारा आपोआप ॲडमिन होतो. कोणाला घ्यायचे आणि कोणाला काढायचे हे तो ठरवतो. दुसरा ॲडमिनही तोच नेमतो. त्याला बदलण्याची सोय सभासदांकडे नाही. फार तर ते ‘लेफ्ट’ होऊ शकतात. सभासदसंख्येची मर्यादा २०१६ मध्ये २५६ झाली, २०२२ मध्ये आधी ५१२ आणि मग १,०२४. ग्रुप गावाएवढा झाला, पण त्याला ग्रामसभा मिळाली नाही.

२०१८ हे वर्ष वळणाचे. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलैला पाच जणांची हत्या झाली. देशभर अशा घटना घडल्यावर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. ‘फक्त ॲडमिनच लिहू शकेल’ ही सोयही त्याच सुमारास आली. अफवा, जाहिराती आणि ‘शुभ सकाळ’ने त्रासलेल्या शेतीच्या ग्रुपांना ती फार सोयीची वाटली. त्या एका बटणाने चर्चामंडळाचे सूचनाफलक होतात, हा आक्षेप नंतर पुढे आला.

कायद्याने ॲडमिनकडे कसे पाहावे, यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये निर्णय दिला. सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, दोघांचा समान हेतू दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्ह्यात गोवता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. सभासद जोडणे आणि काढणे एवढाच ॲडमिनचा अधिकार, असा त्यामागचा तर्क होता. दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय ॲडमिनला २०२२ मध्ये, म्हणजे निर्णयानंतर, मिळाली.

अमेरिकी अभ्यासक नेथन श्नायडर यांनी २०२४ च्या ‘गव्हर्नेबल स्पेसेस’ या पुस्तकात हीच खुर्ची उलट बाजूने पाहिली. ऑनलाइन जगाची मूळ घडणच सरंजामी आहे, असे ते म्हणतात : ज्याने जागा उघडली तो मालक, बाकीचे त्याच्या मर्जीने. न्यायालयाने विचार केला तो बाहेरच्या जगापुढे ॲडमिन किती उत्तरदायी, याचा. श्नायडर विचारतात तो सभासदांपुढे किती उत्तरदायी, हे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी मिळाले आहे, दुसऱ्याचे नाही.

चार भूमिका

या दुसऱ्या प्रश्नावर आज साधारण चार भूमिका दिसतात.

पहिली भूमिका जाणकाराच्या हाती सूत्रे ठेवणाऱ्यांची. शेतीतला सल्ला म्हणजे चारचौघांचे मत नव्हे, असे तिचे म्हणणे. फवारणीत कोणते औषध कशात मिसळायचे हे बहुमताने ठरत नाही. चुकीची मात्रा पिकाबरोबर माणसाचाही जीव घेऊ शकते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, तो अनुभव या भूमिकेच्या पाठीशी आहे. म्हणून प्रश्न कोणीही विचारावा, उत्तर मात्र पारखून एकानेच द्यावे. परभणी जिल्ह्यातील पंजाबराव डख यांच्या हवामान अंदाजांचे ग्रुप एकमुखी संदेशाची पोच किती मोठी असू शकते हे दाखवतात. त्या अंदाजांच्या अचूकतेवरून झालेले वाद या पद्धतीची दुसरी बाजूही दाखवतात : एकच मुख असेल तर त्याची चूक ग्रुपच्या आत पकडायला कोणी उरत नाही.

दुसरी भूमिका सभासदांच्या कारभाराची. अनुभव हेही ज्ञान आहे आणि ते सभासदांकडे विखुरलेले आहे, असे ती मानते. गुजरातमधील ‘आवाज ओटलो’ या फोनवर बोलून प्रश्न विचारण्याच्या सेवेवर नील पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास इथे नेहमी सांगितला जातो. कोणाचा सल्ला हवा असे विचारल्यावर शेतकऱ्यांनी तज्ज्ञाचे नाव घेतले. प्रत्यक्षात आपल्यासारख्याच शेतकऱ्याच्या आवाजातील सल्ल्याला त्यांनी अधिक प्रतिसाद दिला. या भूमिकेचे लोक ॲडमिनची ठरावीक मुदत, लेखी नियम, सभासदांनी निवडलेले संयोजक आणि काढून टाकण्याआधी म्हणणे मांडण्याची संधी यांचा आग्रह धरतात.

तिसरी भूमिका नोंदणीकृत संस्थेच्या छत्राची. लोकशाहीची रचना नव्याने शोधण्याचे कारण नाही, ती कायद्यात आहे, असे ही मंडळी म्हणतात. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात एका सभासदाला एक मत आहे. २००२ च्या कंपनी कायद्यातील दुरुस्तीने आलेल्या शेतकरी उत्पादक कंपनीतही, सभासद व्यक्ती असतील तर, भाग कितीही असले तरी मत एकच. २०१८ पासून जालन्यासह अनेक जिल्ह्यांत राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात ग्रामसभेतून समित्या नेमल्या गेल्या. ग्रुप हा अशा संस्थेचा दरवाजा असावा. निवडणूक, हिशेब आणि लेखापरीक्षण संस्थेत होईल. यावरचा आक्षेपही सहकाराच्या इतिहासातूनच येतो. बिनविरोध निवडणुका, पिढीजात संचालक आणि वार्षिक सभेत हात वर करण्यापुरता उरलेला सभासद हे चित्र महाराष्ट्राला अपरिचित नाही. कायद्यातले मत आणि प्रत्यक्षातला सहभाग यांत अंतर पडू शकते.

चौथी भूमिका शंका घेणाऱ्यांची. विश्वास बांधावर आणि चर्चासत्रात तयार होतो, फोनवर तो फक्त खर्च होतो, असे त्यांचे सांगणे. खरपुडीसारख्या ठिकाणी बैठक आधी आणि ग्रुप नंतर आला, म्हणून ग्रुप टिकला. उलट क्रमाने ते होईलच असे नाही. मंडळांच्या १९५६ च्या अनुभवातही माणसे रेडिओभोवती एकत्र बसत होती, ही गोष्ट ते लक्षात आणून देतात. या भूमिकेची अडचण अंतराची आहे. मोसंबीवरच्या नव्या रोगाची माहिती पैठण, अंबड आणि घनसावंगीच्या बागायतदारांना एकाच आठवड्यात हवी असते; मासिक बैठकीला तो वेग नाही.

बोलणारे आणि गप्प राहणारे

चारही भूमिका एका मुद्द्यावर अडखळतात : ग्रुपमध्ये आहेत ते सगळे सहभागी नाहीत. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला ठोकताळा प्रसिद्ध आहे : शंभरात नव्वद वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात, एकच सतत लिहितो. आपल्या शेतीच्या ग्रुपांचे प्रमाण नेमके हेच असेल असे नाही, पण कल तोच दिसतो. ज्याची बाग मोठी, मराठी टायपिंग सफाईदार आणि बाजारात ओळख, त्याचे बोलणे जास्त.

स्त्रियांचे गप्प राहणे हा याचा सर्वांत मोठा भाग. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) देशाच्या ग्रामीण भागात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया २४.६ टक्के, तर पुरुष ४८.७ टक्के होते. कापूस वेचणी आणि खुरपणी मुख्यतः बायकांच्या हातची. ग्रुप मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्याचा. महिला किसान अधिकार मंच अर्थात ‘मकाम’ बाईला शेतकरी म्हणून ओळख मिळावी यासाठी काम करतो. ग्रुपच्या सभासदत्वाचा प्रश्न त्याच ओळखीशी बांधलेला आहे. तीच गत बटाईने करणाऱ्यांची आणि सालगड्यांची : फवारणीचा पंप त्यांच्या पाठीवर असतो, सल्ला मालकाच्या फोनवर येतो.

यावर उपयोगी पडेल असा एक धडा महाराष्ट्राच्या पाण्यात आहे. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था चालवून दाखवल्या. पुढे २००५ मध्ये सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा आला. त्यात संचालक मंडळावर कालव्याच्या शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांचे समान प्रतिनिधी आहेत. कारण उघड होते : मोकळ्या निवडणुकीत हेडचे शेतकरी जिंकणार आणि टेलला पाणी पोचणार नाही. ऑनलाइन ग्रुपमध्ये माहितीचेही असेच हेड आणि टेल असतात. टेलसाठी जागा राखून ठेवण्याची ही युक्ती ग्रुपांनी अजून फारशी वापरलेली नाही.

एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० च्या ‘गव्हर्निंग द कॉमन्स’मध्ये सामाईक साधने दीर्घकाळ टिकवणाऱ्या समूहांची जी लक्षणे नोंदवली, तीही याच दिशेची. सभासदत्वाची सीमा स्पष्ट असणे, नियम बदलण्यात नियम पाळणाऱ्यांचा हात असणे, शिक्षा टप्प्याटप्प्याने वाढणे आणि तंटा जवळच्या जवळ, स्वस्तात मिटणे ही त्यांतली काही. पहिल्याच चुकीला ‘रिमूव्ह’ करणारा ॲडमिन यांतली बरीच मोडतो. मात्र ऑस्ट्रम यांचे निष्कर्ष पाणी, कुरणे आणि मासेमारी यांवरून काढलेले आहेत. पाणी वापरले की संपते, माहिती वाटल्याने संपत नाही. त्यामुळे ते ग्रुपांना कितपत लागू करावेत, यावर मतभेद आहेत.

पैसा, माहिती आणि बंद पडणारी वाट

ग्रुप फुकट चालतो असे वाटते. खरे तर तो कोणाच्या तरी वेळावर चालतो. रात्री अकराला आलेल्या पानाच्या फोटोला उत्तर देणाऱ्या जाणकाराला मोबदला नाही. म्हणून काही ग्रुप शुल्क घेतात, काहींना निविष्ठा कंपन्या किंवा कृषी सेवा केंद्रे आधार देतात. सल्ल्याशेजारी विक्री आली की सल्ल्यावर संशय येतो; विक्री नको म्हटले की ग्रुप दमतो. हितसंबंध उघड सांगावेत, यावर बहुतेकांचे एकमत आहे. त्यापुढे एकमत नाही.

माहितीच्या मालकीचा प्रश्न २०२५ नंतर अधिक टोकदार झाला. राज्याने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शेतीतील वापराचे धोरण मंजूर केले आणि मराठीत उत्तरे देणारे ‘महाविस्तार’ ॲप आणले. काहींच्या मते यामुळे फोन असलेल्या कोणालाही, कोणत्याही ॲडमिनच्या मर्जीविना, विद्यापीठाच्या शिफारशी मिळतील. ही खरी समता. इतरांना भीती वाटते की प्रत्येक जण एकट्याने यंत्राला विचारू लागला, तर सर्वांसमोर प्रश्न विचारून सर्वांनी शिकण्याची सवय जाईल. हा कॉल सेंटर आणि ‘आक्वा’ यांच्यातला जुनाच फरक, नव्या रूपात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तीच्या माहितीला संरक्षण दिले. गटाने मिळून जमवलेल्या अनुभवावर गटाचा हक्क कोणता, हे त्यात नाही.

वाट स्वतःच्या हातात नसल्याची जाणीव अंबडला वेगळ्या प्रकारे झाली. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालन्यासह शेजारच्या जिल्ह्यांत इंटरनेट बंद झाले. कायदा-सुव्यवस्थेच्या दृष्टीने तो निर्णय योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. व्यवसायाच्या ग्रुपांना मात्र त्यातून एक व्यावहारिक प्रश्न मिळतो : पडदा काळा झाल्यावर शिल्लक राहते ती संस्था कोणती?

काय ठरले, काय उरले

काही गोष्टींवर भूमिका जवळ आल्या आहेत. नियम लेखी आणि सर्वांना माहीत असावेत. ॲडमिन एकापेक्षा जास्त असावेत. औषधाच्या सल्ल्याबरोबर तो देणाऱ्याचे नाव आणि आधार असावा. ‘फक्त ॲडमिन’चे बटण आणीबाणीपुरते वापरावे. बोलून पाठवलेला संदेश लेखी संदेशाइतकाच ग्राह्य धरावा, म्हणजे टाइप न करणारे मागे पडणार नाहीत. ऑनलाइन गटाला वर्षातून काही वेळा तरी प्रत्यक्ष बैठकीची जोड हवी, हे चौथ्या भूमिकेचे म्हणणेही आता बाकीच्यांनी बरेचसे स्वीकारले आहे.

उरलेले प्रश्न अधिक अवघड आहेत. निवडलेला ॲडमिन चांगला सल्ला घडवतो की फक्त लोकप्रिय सल्ला, याचा पडताळा नाही. हजार सभासदांच्या ग्रुपमध्ये चर्चा शक्यच आहे का, की गावनिहाय छोटे गट आणि त्यांच्या प्रतिनिधींचा वरचा गट अशी उतरंड हवी, हे ठरलेले नाही. उतरंड केली की सहकारातले जुने दोष तिथे शिरणार नाहीत याची हमी कोणी देऊ शकत नाही. काढलेल्या सभासदाने दाद कुठे मागावी? संयोजकाच्या श्रमाचे मोल कोणी द्यावे? ग्रुप बुडाला तर त्यातली दहा हंगामांची प्रश्नोत्तरे कोणाकडे राहावीत? तीनही प्रश्न उघडे आहेत.

या वादात मते भरपूर आणि मोजमाप थोडे आहे. १९५६ मध्ये मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी झाली, म्हणून त्या प्रयोगाबद्दल आज ठामपणे बोलता येते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपांबाबत तशी तुलना अजून व्हायची आहे. अंबड-घनसावंगी पट्ट्यातील मोसंबीचे काही ग्रुप नेमलेल्या ॲडमिनचे, काही निवडलेल्यांचे आणि काही टेलला राखीव जागा देणारे, असे दोन बहर चालवून पाहता येतील. किती जण बोलले, किती स्त्रियांनी प्रश्न विचारला, किती सल्ले पुढे चुकीचे निघाले आणि ते कोणी दुरुस्त केले, एवढी नोंद ठेवली तरी चारही भूमिकांना आपले म्हणणे तपासून घेता येईल. तोपर्यंत यांतली कोणतीही एक बरोबर ठरली, असे म्हणण्याइतका पुरावा कोणाच्याच हाती नाही.